रमाच्या जागी बदली

भिलाई, सेक्टर १
मंगळवार, ता. २९ जानेवारी १९६३

आदरणीय आनंदराव भाऊजी आणि शेवंताबाई यांस कवडूचा मनापासून जय भीम.

भाऊजींचा गुडघा या थंडीत कसा आहे ते कळवावे. आमच्याकडे सर्व ठीक आहे असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून सर्व ठीक. (ठीक नाही, ते खाली येईलच.) भीमाबाईचा खोकला जात नाही. फर्नेसची राख दोरीवरच्या लुगड्यांवर बसते, त्यामुळे पांढरं लुगडं ही वस्तू आमच्या घरातून उठली.

रमा दिवाळीनंतर नागपूरहून टायफाइड घेऊन आली ती अजून घरीच आहे. ताप जाऊन तीन आठवडे झाले, पण पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राहते. त्यात युनिव्हर्सिटीचा कागद आला की हजेरी कमी आहे, परीक्षेला बसू देणार नाही. कागद इंग्रजीत. तिनेच वाचून दाखवला, घडी केली आणि उशीखाली सरकवला, जसा काही शेजारच्या कोणाचा होता.

आता हजेरी ही गोष्ट मला कोणी शिकवायला नको. सत्तावन्न साली प्लांटचे पाये खोदणं चालू होतं तेव्हा भीमाबाई तापाने पडली, आणि शेवंताबाई, तुम्ही पाहुण्या म्हणून आलेल्या, पंधरा दिवस तिच्या जागी टोपली उचलली. मेट, म्हणजे मुकादम, डोकी मोजून जायचा. डोकं कोणाचं हे त्याने कधी विचारलं नाही, आणि भीमाबाईचे पंधराही दिवस भरले. याला बदली म्हणतात. अर्धी भिलाई बदलीवर उभी आहे. (उरलेली माझ्या कानांवर. रशियन साहेब 'वीरा' म्हणाला की क्रेनचा हूक वर, 'मायना' म्हणाला की खाली, हे बाकीच्यांना समजेपर्यंत मी टोपली सोडून क्रेनला माल बांधणारा रिगर झालो होतो.) तेव्हा मी विचार केला, पोरगी उठत नाही तर बाप काय मेला? आठवड्याची सुटी टाकली, कोणाला न सांगता दुर्गहून पॅसेंजर धरली आणि नागपूरला रमाच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसलो.

तुमच्याकडे आलो नाही याचा राग धरू नये. बदलीवाल्याने पाहुणचार घेऊ नये.

वर्ग म्हणजे आपल्या गावच्या शाळेसारखा नव्हे. दीडशे पोरं, खालून वर चढत गेलेले बाक, सगळ्यांत खाली एकटे प्रोफेसर. बाजूच्या पोराने विचारलं, "काका, पंखा दुरुस्त करायला आले का?" मी म्हटलं, "नाही बाबू, शिकाले आलो." तो थोडा सरकून बसला. हजेरी आकड्यांनी, तीही इंग्रजीत. पण गेटवर रोज इंग्रजी आकडे ऐकतो मी. रमाच्या कागदावरचा 'फॉर्टी सेव्हन' आला तसा उभा राहून ओरडलो, "हजर साहेब!"

दीडशे माना फिरल्या. प्रोफेसरांनी रजिस्टर पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "आपण कुमारी रमा?"

"नाही साहेब, मी तिचा बाप. ते बिमार हाय, म्हणून बदली आलो."

मग जे हसू फुटलं ते विचारू नका. छप्पर पत्र्याचं असतं तर उडालं असतं. प्रोफेसर मात्र भला माणूस. हसू थांबेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "बाबा, इथं डोकी मोजत नाहीत. तिचं डोकं तिलाच आणावं लागतं." त्यांनीच ऑफिसचा रस्ता सांगितला. डॉक्टरचा दाखला माझ्या खिशातच होता. बाबूने आजारपणाचे दिवस माफ करायचा अर्ज लिहून घेतला, तो मंजूरही झाला. अट एकच. चार तारखेच्या सोमवारपासून रमा रोज हजर पाहिजे. एक दिवस चुकला तर वर्ष गेलं.

म्हणजे काम झालं. पण माझे कान वाईट, नको तेही ऐकतात. त्या हसण्यात मुलींच्या बाकावरून एक आवाज आला, "ही रमा कोण गं?" दुसरा आवाज म्हणाला, "मला काय माहीत." दीड वर्ष झालं, भाऊजी, माझी पोरगी त्या वर्गात बसून राहिली आहे. (आपली पंचफुलाही त्याच वर्गात, पण त्या दिवशी आली नसावी, मला कुठे दिसली नाही. असती तर रमा कोण ते तिने सांगितलंच असतं.)

घरी येऊन मंजुरीचा कागद रमापुढे ठेवला. तिने तो पाहिला नाही. एवढंच विचारलं, "बाबा, तेथे कोणी मले विचारलं काय?" मी म्हटलं, "सगळ्या पोरी विचारून राहिल्या होत्या." ती म्हणाली, "नावं सांगा." मला एकही नाव सांगता आलं नाही. तेव्हापासून म्हणते, मी जात नाही, येथेच शाळेत पोरं सांभाळायचं काम पाहते. भीमाबाईने तिची पेटी भरून ठेवली. तिने काल सगळं काढून पुन्हा खुंटीवर टांगलं.

असो. गुडघ्याला तीळतेल चोळत जावे.

आपला,
कवडू

ता. क. गाडीत रमासोबत कोणी पाहिजे म्हणून मीच येईन. ती निघाली तर.

ता. क. दुसरा. पोरी पंचफुला, इथून पुढचं मोठ्याने वाचू नको. तुझ्या आईबापाला अक्षर येत नाही म्हणून आजवर माझं प्रत्येक पत्र तूच वाचलंस, हेही तूच वाचत आहेस. तू दिसली नाहीस हे मी त्यांच्यासाठी लिहिलं. दुसरा आवाज तुझा होता. तुझं पहिलं रडणं मी दाराबाहेरून ऐकलं आहे, तुझा आवाज मी चुकणार नाही. मला राग नाही. नव्या जागी माणूस आधी आपली पाठ झाकतो. साहेबासमोर मीही एकदा गावच्या माणसाला ओळख दाखवली नव्हती, तो गाव सोडून गेला, आणि मला अजून त्याचा पत्ता लागला नाही.

रमाला मी काही सांगितलेलं नाही. तू तिला एक कार्ड टाक. माफी नको, माझं नाव नको. 'वर्गात कधी येतेस' एवढं लिही आणि खाली स्वतःचं नाव घाल. हे मिळालं त्याच दिवशी टाकलंस तर शनिवारी पोचेल.

आता आईला सांग, मामाने तब्येतीला जपा असं लिहिलं आहे.