मंदाचा तांदूळ

२ डिसेंबर
पेन्शन जमा. स्मिता म्हणते, बाबा, खर्च लिहीत जा. बसलो लिहायला. दूध, गॅस, लाईट बिल, औषधवाल्याची बाकी. तांदळापुढे काय लिहू? इतक्या वर्षांत मी तांदूळ विकत आणल्याचे आठवत नाही. पगार मंदाच्या हातात द्यायचा, पुढचे ती बघायची. आता विचारायचे तर...
डब्याच्या तळाशी थोडाच उरलाय.

५ डिसेंबर
स्मिताचा वसईहून फोन. एका माणसासाठी ते घर कशाला चालवता, बंद करा, इकडे या. पोरीचे खोटे नाही. संक्रांतीपर्यंत सांगतो म्हटले.
मागच्या अंगणात मंदाच्या बोंबील वाळवायच्या दोऱ्या तशाच. सोडायला गेलो. तिची एक गाठ सुटेना. राहू दिल्या.

९ डिसेंबर
सकाळी फाटकाशी हाक, "मंदाबाय!" रानशेतची लक्ष्मीबाई, डोक्यावर तांदळाचे बोचके. तिला कळलेच नव्हते. सांगितले, गणपतीनंतर गेली. ती ओट्यावर बसून राहिली. पाणी दिले, तेही तसेच हातात.
ती निघताना मी पाचशेच्या दोन नोटा पुढे केल्या. तिने हात मागे घेतला.
"पैसं कशाला, भाऊ? पावसाच्या आधी मंदाबायनं सुकं दिलं ना. त्याचंच हाय हे."
फाटकापर्यंत गेली, थांबली. "आता मेमध्ये येऊ का नको?"
मी नोटांची घडी घालत राहिलो. ती जरा वाट बघून गेली.

१० डिसेंबर
नोटा पुढे केल्याचे मनातून जात नाही. मी तलासरीकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. आमच्याकडेही किनाऱ्यावरच्या बाया पावसाआधी सुके मासे द्यायच्या आणि भात कापून झाला की तांदूळ न्यायला यायच्या. पैशाचे नाव नसायचे.
मंदा तशीच आली होती, तिच्या आईबरोबर. मी बोर्डीला शिकत होतो, सुट्टीत घरी. माझी आई पायलीने मापत होती. मंदा म्हणाली, "आमचे बोंबील एवढे लांब, आणि तुमची पायली बुटकी." आई हसली, वर एक ओंजळ घातली. गोणी एसटीपर्यंत मी नेली. वाटेत मंदा म्हणाली, "शिकलेला हमाल बरा मिळाला."
लग्नाला दोन्ही घरचे नाही म्हणाले. पहिली वर्षे कोणी आले नाही, माझा पगार तो केवढा. तरी रोज भात असायचा. कुठून, ते मी विचारले नाही.

१४ डिसेंबर
जुना तांदूळ संपला. आज नवा शिजवला. पाणी जास्त झाले, गिच्च झाला. सगळा खाल्ला.
बोचके मोठे नाही. हे तिने कमावलेले शेवटचे. कमी कमी शिजवतो आहे.
खर्चात तांदळापुढे लिहिले: मंदाकडून.

२१ डिसेंबर
बंदरावर जाऊन ओले बोंबील आणले. भाव करता आला नाही, सांगितले तेवढे दिले. दोरीवर टाकतोय तर घसरून खाली. शेजारच्या काशीवहिनी कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, टॉवेल नाहीत ते. तोंडात तोंड अडकवा, जोडीनं टांगा."
मंदा बोलता बोलता अडकवायची, बघायचीसुद्धा नाही. माझ्या बोटांना दात लागले. निम्मे मातीत पडले, धुऊन परत टांगले.
स्मिताचा फोन, काय ठरवलंत? म्हटले, वाळत घालतोय, नंतर करतो. तिला वाटले कपडे.
ऊन उतरले. दोरीवर अजून बऱ्याच जोड्या टिकून आहेत. मांजर फिरते आहे, म्हणून मागे खुर्ची टाकून बसलोय. वारा बरा आहे. नीट वाळले तर एकदा रानशेतला, लक्ष्मीबाईकडे...