आवळीखाली दोघांचा रविवार

सोम. ५ नोव्हें. ५६, जयपूर
दिवाळी संपली, पाहुणे गेले. वाटलं, आता घर मोकळं. काल रात्री जेवताना हे वरणभात कालवता कालवता म्हणाले, "साहेबांनी गौहातीसाठी विचारलंय. बढती आहे. महिनाअखेर हो की नाही ते सांगायचंय." आणि ताक मागितलं. मी ताक वाढलं.
पुन्हा ट्रंका, पुन्हा नवी भाषा, पुन्हा दूधवाला शोधा. आणि माझी शाळा? जुलैपासून मुलींना गणित शिकवतेय, सुट्टीआधीच शाळेच्या मोठ्या बाईंनी कायम करते म्हणून सांगितलं. यांना आठवण तरी आहे का?
बोलायचं कुठे? मधल्या खोलीत सासूबाईंची खाट (इथून पुढे सा.बा., शाई वाचेल). इकडे सुस्कारा टाकला तरी तिकडून "काय गं झालं?"
ठरवलं. रविवारी चाकसूच्या रस्त्यावरच्या झाडांच्या बागेत जायचं. प्रत्येक झाडाला नावाची पत्र्याची पाटी, गर्दी नाही. दोघंच. दशम्या, चटणी, आणि सगळं एकदाचं बोलून टाकायचं.

बुध. ७
सांगितलं. हे खूष. इतके खूष की मोठ्यांदा म्हणाले, "अगं, कार्तिक आहे, बागेत आवळी असेलच. आवळी भोजनच करू!" मधल्या खोलीतून लगेच, "खरंच का रे? सांगली सोडल्यापासून आवळीखाली जेवले नाही मी."
झालं. सा.बा. येणार. नाही कोणत्या तोंडाने म्हणू? डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

शुक्र. ९
यांनी ऑफिसात लेल्यांना सांगितलं. लेल्यांना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. संध्याकाळी लेलेवहिनी दारात. "सगळी मराठी मंडळी मिळून जाऊ या! आवळी भोजन काय दोघातिघांनी करतात? त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कधीही चालतं, रविवार सगळ्यांना सोयीचा." मसालेभात त्यांच्याकडे, पुरणपोळ्या माझ्याकडे. सगळ्यांच्या!
यांना म्हटलं, आपण दोघं जाणार होतो. "अगं, मजा येईल."
वह्या तपासायच्या राहिल्या. पुरण शिजतंय.

रवि. ११
पाठ मोडून आलीय, पण आज लिहायचंच.
टांगे बागेशी पोचले तर बाहेर ही गर्दी. पितळी ताटं, लाल-पिवळ्या ओढण्या, गाणी. आज नवमी. इथे आवळीची पूजा याच दिवशी, ठरलेली. आपल्यात कधीही चालतं, म्हणून आम्ही शहाण्यांनी सोय बघितली, तिथी बघितली नाही. इतकी वर्षं इथे राहून एकाला ठाऊक असू नये! बागेत फळं धरलेली आवळी एकच, आणि तिच्याभोवती अर्धं जयपूर. मुंगीला शिरायला जागा नाही.
आम्ही पातेली धरून उभे. लेलेवहिनी चिडल्या, "आम्ही शुक्रवारीच ठरवलं होतं!" कोणाला सांगताय, बाई? पुरुषमंडळींत वाद: चिंचेखाली बसलं तर चालेल का.
एवढ्यात सा.बा. दिसेनात. बघते तर त्या गर्दीच्या आत! एका ठेंगण्या बाईने त्यांचा हात धरलेला. "आओ माँजी, फेरे ले लो." दुसऱ्या हातात कच्च्या सुताचं रीळ. सा.बांना धड हिंदी येत नाही, तरी बुंध्याभोवती सूत गुंडाळत फिरताहेत, गाण्यात भलतंच काहीतरी गुणगुणताहेत. मामंजी गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. बायकांनी त्यांना जेवायलाही तिथेच बसवलं. आवळी भोजन घडलं ते त्यांचं एकट्यांचं. आम्ही लांब शिसवाखाली, पोळ्यांवर मुंग्या.
जेवणानंतर पत्ते. मला आणि यांना पाणी आणायला पाठवलं. शेवटी दोघंच! म्हटलं, "अहो, गौहातीचं..." तर हे, "आत्ता कशाला? इतका छान दिवस चाललाय."
छान!! घागर तिथेच आपटावीशी वाटली.
परतताना टांग्यात मी, हे, मध्ये सा.बा. मला आवरेना. त्यांच्या डोक्यावरून बोलले, "मला नाही यायचं गौहातीला. शाळा सोडणार नाही. तुम्ही जा, मी इथे राहते." टांगेवाल्यानेसुद्धा मान वळवली.
मग सा.बा., पदराच्या गाठीतला आवळा चाचपत, "मग मीही हिच्याजवळच राहते. तिकडे मला फेऱ्यांना कोण बोलावणारे?"
मला रडू आलं. यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

मंगळ. १३
अबोला नाही, पण बोलणंही नाही. "टॉवेल कुठंय." "आमटीत मीठ कमी." सा.बा. आवळे मिठात घालताहेत, वर्षभर पुरतील एवढे. मुद्दाम यांच्यासमोर.

गुरु. १५
ऑफिसातून उशिरा आले. सायकलच्या कॅरियरला रॉकेलचा कापलेला डबा, त्यात आवळीचं वीतभर रोप. बागेतून आणलं म्हणे, एकटे जाऊन. मला न्यायला काय झालं होतं!
अंगणात ठेवून विचारतात, "कुंडीत लावायचं की जमिनीत?"
मी म्हटलं, ते तुम्ही सांगायचंय. न्यायचं तर कुंडी, राहायचं तर जमीन.
सा.बा. आतून, "आवळी कुठे कुंडीत फळते?"
"आई, मी हिला विचारतोय."
गौहातीचं तसंच राहिलं.

रवि. १८
घरमालकांना विचारून सकाळी अंगणात खड्डा खणला. मी स्वतः. हाताला फोड आलेत. माती इथली कडक, वाळूही आणि दगडही. दिवस कलताना डबा खड्ड्याच्या काठावर आणून ठेवला आणि यांना हाक मारली. "साहेबांना काय सांगणार ते आत्ता सांगा."
बाहेर आले. खड्डा बघितला, माझे हात बघितले. आत गेले, तांब्याभर पाणी घेऊन आले. अर्धं डब्यात ओतलं, अर्धं खड्ड्यात.
मग म्हणाले, "चहा टाकतेस?"
टाकलेला नाही. दिवे लागले, हे अजून खड्ड्याशी उकिडवे बसलेत, आणि मी इथे लिहीत.