फाइलीवरची लाल ओळ

छकुले,

बाबांच्या छातीत कळा येताहेत. शेजारच्या काकांच्या गाडीतून त्यांना मोठ्या दवाखान्यात नेतेय. जेवायला थांबू नकोस, शिलाई मशीनच्या खणातली त्यांची हृदयाच्या आजाराची फाइल घेऊन लगेच ये. ते समोर बसलेत, त्यांच्यादेखत ती काढायला माझा हात धजत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी फ्लूची लस घेतली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी आमच्या लॅबमध्ये त्यांचं रक्त तपासलं. अंगातली सूज दाखवणारा आकडा थोडा चढला होता. माझं धाबं दणाणलं. आठवड्याने पुन्हा तपासावं, एवढंही सुचलं नाही. फाइलीवर लाल पेनाने लिहून टाकलं, ‘ही लस पुन्हा देऊ नये.’

आत्ता डॉक्टर फोनवर म्हणाले, लसीने चढलेला आकडा चार दिवसांत उतरतो. खऱ्या फ्लूने जी सूज उठते, ती आधीच आजारी असलेल्या हृदयाला झेपत नाही. आणि बाबांचा या आठवड्यातला ताप फ्लूचाच असणार.

ती ओळ खोडू नकोस. डॉक्टरांना दाखव, कोणी लिहिली तेही सांग.

यंदा बाबा स्वतःहून लस घ्यायला निघाले होते. मी दारातून परत फिरवलं. आता छाती धरून मलाच धीर देताहेत, ‘तू लॅबमधली आहेस, मला कसली काळजी.’

आई