काँग्रॅच्युलेटच्या पुढे

बाई, परवा सकाळी माझी वाट लागली. म्हणजे पडले-बिडले नाही, हातीपायी धड आहे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरची मुलगी सीए झाली आणि ग्रुपवर इंग्रजीत अभिनंदन टाकायचं काम नेहमीसारखं माझ्याकडे आलं. इंग्लिशच्या मॅडम ना मी इथल्या! ओट्याशी उभी राहून एका हातात फोन, समोर दूध. 'वी काँग्रॅच्युलेट यू' एवढं लिहिलं आणि बोट थांबलं. पुढे काय? 'फॉर युअर सक्सेस' असं पुटपुटून बघितलं, बरं वाटलं. 'ऑन' लावलं, तेही बरं वाटलं. मग उगाच 'अबाउट' लावून बघितलं आणि बाई, तेसुद्धा खटकलं नाही हो! इतकी वर्षं मी हेच शिकवत आले, आणि कान असा गप्प? दूध उतू गेलं, गॅस विझला, मी तशीच उभी. शेवटी मराठीत 'उज्ज्वल यशाबद्दल मनःपूर्वक अभिनंदन' लिहिलं आणि सुटले. तर ग्रुपवर कौतुकाची रांग लागली. 'मॅडम, मराठीचा अभिमान असावा तर असा!' एकाने तर ठरावच मांडला की यापुढे सगळ्यांनी मराठीतच लिहायचं. मी सगळ्यांना नमस्कार पाठवले. दुसरं काय करणार?

नंतर पुस्तक काढलं. तिथे 'ऑन' दिलंय. फोनला विचारलं, तो म्हणतो 'ऑन', पण 'फॉर'सुद्धा लोक वापरतात. ठीक आहे, कळलं. पण बाई, उत्तर कळल्यावर जे आत 'हां, हेच!' असं होतं ना, ते झालंच नाही. दुसऱ्याच्या घरचं काहीतरी वाचल्यासारखं वाटलं. नवऱ्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "अगं, मला शेजारच्याचं आडनाव आठवत नाही रोज, मी काय मेलो? एका शब्दासाठी एवढं काय?" त्याला कसं समजावू की मी विसरले असते तर परवडलं असतं. इथे मला सगळंच बरोबर वाटतंय.

तुमचं घाटकोपरचं स्वयंपाकघर आठवतंय सारखं. आम्ही मराठी शाळेच्या मुली भिंतीला पाठ लावून बसलोय, तुम्ही सुपात गवार मोडताय आणि मान वर न करता ओरडताय, "इन्सिस्ट!" आम्ही, "ऑन!" "अक्यूज!" "ऑफ!" पाढेच ते. कूकरची शिट्टी झाली तरी थांबायचं नाही. एकदा मी विचारलं, "पण बाई, काँग्रॅच्युलेटला ऑनच का? आपण तर 'बद्दल' म्हणतो." तुम्ही गवार बाजूला ठेवलीत. "मावशीच्या नवऱ्याला काय म्हणतेस गं?" मी म्हटलं, काका. "का? तुझ्या बापाचा भाऊ आहे तो?" सगळ्या फिदीफिदी हसल्या, माझे कान लाल. "म्हणतात म्हणून म्हणायचं. रोज म्हटलं की दुसरं काही तोंडात येतच नाही. आलं तर आधी कान ओरडला पाहिजे." घरी जाताना मी रडले होते. पण तो कान तुम्ही मला दिलात तो त्याच दिवशी, असं मी माझ्या प्रत्येक बॅचला सांगत आले. पुढे तुम्ही तुमचा घडीचा फळा दिलात, क्लास दिलात. खरी मिळकत तो कानच होता. त्याच्या जोरावर मी भल्याभल्यांना भर मीटिंगमध्ये अडवलंय. आगाऊ आहेच मी, तुम्हाला काय सांगायचं.

आणि आता तुमचं ते शेवटचं वर्ष वेगळंच दिसायला लागलंय. मी तेव्हा तुमच्या हाताखाली शिकवत होते. तुमचं ओरडणं थांबलं होतं. फळ्यावर क्रियापद लिहायचं, मुलींकडे वळायचं आणि म्हणायचं, "तुम्हीच सांगा, काय लावायचं?" मुली ओरडायच्या, तुम्ही मान हलवायचात. मला वाटलं, बघा, या वयातही बाईंनी शिकवण्याची नवी पद्धत काढली! मी ती उचलली, मिरवली. एके दिवशी क्लास सुटल्यावर गॅलरीत तुम्ही माझं मनगट धरलंत आणि हळूच विचारलंत, "बरोबर होतं ना गं?" मला वाटलं, तास कसा झाला ते विचारताय. म्हटलं, "झकास झालं, बाई!" तुम्ही बराच वेळ मनगट सोडलं नाहीत. मग चार-पाच महिन्यांत काविळीने गेलात. तुम्हालाही असंच होत होतं का? की माझ्यावर आलंय म्हणून मीच तुमच्यावर लादतेय? काही कळत नाही. विचारायचं कुणाला? हे पत्र पाठवायला पत्ताही नाही, आणि लिहायचं तर थांबवत नाही.

काल दुपारी माझ्या बायकांच्या बॅचला मी तेच केलं. फळ्यावर काँग्रॅच्युलेट लिहिलं, वळले, म्हटलं, "सांगा बघू." निम्म्या 'फॉर' म्हणाल्या, निम्म्या 'ऑन'. पार्लरवाली म्हणाली, "मॅडम, दोन्ही चालतं ना? कोण बघतंय, यार!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पुस्तकातलं 'ऑन' घडाघडा सांगितलं आणि पुढे गेले. कुणालाच काही जाणवलं नाही. खरी घाबरले ती तिथेच, बाई. पूर्वी मी चुकले असते तर तुम्ही तिथल्या तिथे पकडलं असतंत. आता मी उद्या सगळंच्या सगळं चुकीचं शिकवलं तरी मला अडवणारं कोण आहे? मी ढासळतेय की जग सैल झालंय, हे मी कशावरून ओळखू? क्लास बंद करावा का? आणि मग दिवसभर करू काय?

नवरा वैतागून म्हणाला, "एवढं वाटतंय तर दाखवून ये एकदाचं." उद्या सकाळची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते काय विचारतात ते मला ठाऊक आहे, शेजारणीने सासूला नेलं होतं, तिला विचारलं. आज वार कोणता, घड्याळ काढा, शंभरातून सात वजा करत जा. हे सगळं मला येतं, बाई. आत्ता विचारलं तरी धडाधड सांगेन. खरं सांगू? मला त्या परीक्षेत पास व्हायची भीती वाटते. पास झाले की हा म्हणेल, बघ, काही झालेलं नाही तुला. मग मी कुणाला सांगू?