मंगळवारचा वर्ग

प्रिय ठमे,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो आणि आई माझ्यावर कुरकुरते, म्हणजे दोघंही ठणठणीत. मध्यंतरी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर कपाटं दुरुस्त करायचं काम मिळालं. तिथे पालक केंद्र चालतं. लहान मुलांचे आईबाप येतात आणि एक ताई त्यांना मुलं वाढवायला शिकवतात. मला हसूच आलं. मुलं वाढवायचा कसला आलाय वर्ग! आम्ही नाही वाढवली?

पहिल्याच दिवशी मी बिजागरी बसवत होतो. एक बसड्रायव्हर गणवेशातच आला होता, सोबत तीन वर्षांची मुलगी. घरी चल म्हटल्यावर तिने थयथयाट मांडला आणि हातातला ठोकळा बापाच्या कपाळावर भिरकावला. त्याचा हात वर गेला. तो हात मी ओळखला, ठमे. ताई हळूच म्हणाल्या, "दादा, आधी तुम्ही श्वास घ्या. ती कुठे पळून चालली नाहीये." मग हात खाली आला आणि तो गडी चक्क जमिनीवर बसला. "राग आलाय ना तुला? मी इथेच आहे," एवढंच म्हणाला. पोरीने लाथा झाडल्या, घसा बसेस्तोवर ओरडली. तो जागचा हलला नाही. हळूहळू तिचा आवाज उतरला, आणि आपणहून त्याच्या मांडीवर चढून ती त्याचं टेंगूळ चाचपायला लागली. मी तोंडात स्क्रू धरून तसाच उभा. चाळीस वर्षं लाकडात घालवली, पण इतकं अवघड काम इतकं सुबक झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांचं काम मी आठ दिवस पुरवलं. ताईंच्या ते लक्षात आलंच. "काका, कपाटं कधीच झाली. आता खुर्ची घ्या आणि बसा." तेव्हापासून दर मंगळवारी जातो. आईला वाटतं, पेपर वाचायला जातो.

तिसऱ्या मंगळवारी मी तुझं सांगितलं. सात वर्षांची होतीस. पॉलिशचा डबा तुझ्या हातून सांडला आणि मी पट्टीने मारलं. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "बाबा, मी आता शहाणी झाले. तुमच्या कामाच्या खोलीत येणारच नाही." खरंच कधी आली नाहीस. ही गोष्ट मी चारचौघांत शिस्तीचा नमुना म्हणून सांगायचो गं. त्या दिवशी मात्र सांगता सांगता माझी मान खाली गेली. कुणी मला नावं ठेवली नाहीत. ड्रायव्हरने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. म्हणाला, "काका, माझ्या वडलांनी हे कुणाला तरी सांगितलं असतं, तर फार बरं झालं असतं."

परवा तू आईशी फोनवर बोलत होतीस, स्पीकर चालू होता, ते मी ऐकलं. "मला मूल नकोच. माझाही हात बाबांसारखा उठेल." मूल हवं की नको, हे तुम्ही दोघं ठरवा, मी त्यात नाक खुपसणार नाही. पण माझ्या हाताला भिऊन ठरवू नकोस. तो रक्तातून येत नाही, पोरी. ड्रायव्हरनेही लहानपणी मारच खाल्लाय, आणि त्याचा हात खाली आलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. तुला मारलं तेव्हा चूक माझी होती, तुझी नव्हती. मला माफ कर.

तुझेच, म्हातारपणी शाळेत जाणारे,
बाबा