काचेशी उभं राहायला माणूस

भोर,
गुरुवार, ता. २ फेब्रुवारी १९७८

गं. भा. बाळाबाई हिस,

थोरलेपणाच्या मानानं आशीर्वाद लिहायला हवेत, पण तू ते घेशील की नाही ठाऊक नाही, म्हणून नमस्कारच लिहिते.

म्हैस व्याली का? ज्वारीवर यंदा पाखरं फार आहेत असं बाजारात ऐकलं. माझं ठीक आहे. दवाखान्यातली नर्सची नोकरी संपली, पेन्शन सुरू झालं. आता बाळंतपणासाठी कुणी दार वाजवत नाही. सुरुवातीला बरं वाटलं. हल्ली शेजारचं मांजर आलं तरी त्याला बसवून घेते.

हे पत्र तू एकटीच वाच. चौथीपर्यंत शिकलीस ते अशा वेळी उपयोगी पडू दे.

माझं हृदय मध्येच थांबायचं, म्हणून पुण्याला डाव्या खांद्याखाली एक यंत्र बसवलं, हे कुणीतरी तुझ्या कानावर घातलं असेलच. तंबाखूच्या डबीएवढं आहे. ते ठोका देतं म्हणून मी चालते-बोलते. आता त्याच बाजूला, पदराखाली, गाठ झाली आहे. वाईट आहे. तिला कोबाल्टच्या किरणांचा शेक द्यायचा आहे. पण त्या शेकानं यंत्र बंद पडू शकतं, आणि ते काढून दुसऱ्या बाजूला बसवण्याइतकी ताकद माझ्यात नाही म्हणतात. म्हणून यंत्रावर शिशाचा पत्रा ठेवून थोडा थोडा शेक द्यायचं ठरलं.

शेक देताना खोलीत कुणी थांबत नाही. जाड दार लावून घेतात. आपण आडवं पडायचं, आणि भिंतीत एक काच. डॉक्टर म्हणाले, "उजव्या हाताची बोटं हलवत राहा, बाई. हात थांबला की शेक बंद करून आम्ही आत येतो."

पहिल्या दिवशी काचेशी एका आयाबाईला उभं केलं होतं. मी बोटं हलवत होते. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, मुद्दाम हात थांबवला. माझा स्वभाव तुला माहीत आहे, पारखल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीही घेत नाही. कुणी आलं नाही. मान हलवायची नव्हती, तरी वळवली. काचेत आयाबाईची पाठ दिसली. कुणाशी तरी बोलत होती.

बाळा, मी फार भ्याले. एवढ्या बायकांच्या उशाशी बसून "धीर धर गं" म्हणाले, आणि माझा हात थांबला तर बघायला कुणी नाही.

बाहेर आल्यावर मी सांगितलं, तेव्हा डॉक्टर आधी तिच्यावर रागावले, मग मान वळवली म्हणून माझ्यावर. म्हणाले, "तुमचं स्वतःचं माणूस आणा. तोवर पुढचा शेक देणार नाही." मी हो म्हणाले आणि एस.टी.त बसले. कात्रज ओलांडलं तरी एकही नाव आठवेना.

गाडी कामथडीला थांबली तेव्हा तू रस्त्याकडेला शेळ्या वळवत होतीस. केस किती पिकले गं तुझे! मालकांच्या तेराव्याला तू म्हणाली होतीस, "अक्का, आता तुमचं हितं काय बी ऱ्हायलं न्हाई." खरंच होतं ते. माझ्या मागून तू त्या घरात आलीस, तुला मुलं झाली, मला झाली नाहीत. पण तेव्हा उठले ती पुन्हा तुझा उंबरा चढले नाही. राग होता. अजूनही थोडा आहे.

तरी तुलाच लिहिते. मी मालकांना वाढायला घेतलं की त्यांच्या ताटात तुपाची धार किती वेळ धरते, हे तू चुलीमागून पापणी न लववता बघायचीस. उभ्या जन्मात माझ्या हाताकडे इतकं लक्ष देऊन दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. आताही तसंच बघायचं, एवढंच काम आहे. हात थांबला तर काच वाजवायची आणि ओरडायचं. तेही तुला शिकवायला नको.

सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं मी पुण्याला निघेन. कामथडीपासून तुझंही तिकीट काढून ठेवते. थांब्यावर दिसली नाहीस, तर नसरापूर फाट्याला उतरून परत फिरेन आणि पुन्हा शेकाचं नाव काढणार नाही. रागानं नव्हे. त्या खोलीत एकटीनं पुन्हा जायची माझी छाती नाही.

मुलांना माझे आशीर्वाद सांग. ते तरी घेतील.

तुझ्याशिवाय कुणी नसलेली,
तुझी सवत
बना