मेंढरांच्या वाटेची तुटक रेषा

३ नोव्हेंबर, सोमवार
ऑफिसात हेमचंद्र सरांनी पहिला ले-आऊट माझ्या एकटीवर सोपवला! सिव्हिलची डिग्री घेऊन आल्याचं सार्थक झालं. शेंद्र्याजवळचा माळ, आमच्याच वस्तीला लागून. प्लॉट पाडायचे आणि नकाशा तात्पुरत्या मंजुरीला टाकायचा. स्कीमचं नाव ‘ग्रीन पाश्चर्स’. पाश्चर म्हणजे कुरण. इतकी वर्षं तिथं आबांची मेंढरं चरली. आता तिथं कुरण होणार!

६ नोव्हेंबर
मी नकाशात बाग मध्यभागी दाखवली होती. सरांनी उचलून विजेच्या मोठ्या तारांखाली नेली. “तिथं घर बांधता येत नाही. पोरं खेळू शकतात.”

पण नियम सांगतो, जागेवर जे आहे ते सगळं दाखवायचं – विहीर, झाड, खांब, वाट. वाट! आमच्या वस्तीवरून नाल्याच्या पाण्याकडे जाणारी मेंढरांची वाट याच माळातून जाते. ती बंद झाली तर कळप जालना रोडनं, ट्रकांमधून न्यायचा. मी तुटक रेषेनं वाट काढली, प्लॉट सरकवले.

“सत्यशीला, ही काय रांगोळी?”
“वहिवाट आहे, सर.”
“सातबाऱ्यावर?”
“जमिनीवर.”

सरांनी चष्मा काढला. “पाच प्लॉट जातात यात. बरं, ठेव. नगररचनेचे साहेब पाहणीला येतील. दिसली तर राहील, नाही दिसली तर खोडायची. कबूल?”

कबूल! एवढ्या खुरांनी पडलेली वाट न दिसायला काय झालं?

आबांना सांगितलं नाही. मंजूर झाला की नकाशा त्यांच्या पुढ्यातच पसरीन.

१२ नोव्हेंबर
नकाशा ऑनलाइन दाखल केला. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, “ऑनलाइन झालं ना? आता कागद आणून द्या, म्हणजे खरंच झालं.”

१९ नोव्हेंबर
त्रुटी निघाली. उत्तरेचा बाण लहान आहे.

२१ नोव्हेंबर
बाण मोठा केला. आता म्हणे डोळ्यात खुपतो. उत्तर दिशा मात्र आहे तिथंच आहे, बिचारी.

२८ नोव्हेंबर
पाहणी सोमवारी! घरी एवढंच सांगितलं – साहेब माळावर येणार आहेत, माझ्या कामाची परीक्षा आहे. आई म्हणाली, “त्यायला भाकर खाऊन जा म्हण.” आबांनी लगेच फेटा धुवायला काढला.

१ डिसेंबर, सोमवार
वाट नाही!

साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. “मॅडम, ही वाट कुठाय?” मी बघतच राहिले. माळ सारवल्यासारखा. एक लेंडी नाही, एक खूर नाही. कडेला आबा – पांढराशुभ्र फेटा, हात जोडलेले.

साहेबांनी त्यांनाच विचारलं, “बाबा, इथून मेंढरं जातात का?”
“मेंढरं? नाय साहेब! एक नाय. लई साफ जागा हाय.”
“सर, परवापर्यंत होती वाट! हे माझे वडील, यांचीच मेंढरं...”
साहेब हसले. “वडीलच नाही म्हणतात की, मॅडम.”
आणि लिहिलं – जागेवर वाट आढळली नाही.

गाडी गेल्यावर आबा जवळ आले. “काल मी अन् आपल्या गड्यानं, कचरूनं, बाभळीच्या फांद्या वढून समदं पुसून काढलं. मेंढरं सडकंनं नेली. तुझ्या साहेबासमोर आपली घाण दिसाया नको, लेकी.” तळहात काट्यांनी सोलले होते. चेहरा असा, की जणू परीक्षा त्यांनीच दिली.

“बरं झालं,” म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार?

९ डिसेंबर
रेषा मीच खोडली. पाच प्लॉट परत आले. नकाशा मंजूर! सर खूश – “एवढी स्वच्छ साइट मी उभ्या आयुष्यात साहेबांना दाखवली नाही.” आबांनी वस्तीभर पेढे वाटले.

१६ डिसेंबर
आज माळाला तारेचं कुंपण पडलं. आबा हसतच घरात आले, नकाशा मागून घेतला, मांडीवर उलगडला. “मेंढरं तहानली हायती. दाव बरं, आपली वाट कुठून काढलीस? तू असल्यावर ठिवलीच असशील.”